वीतभर उघडी कड

आईच्या गोधडीची चौथी कड मी आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या शिंप्याकडून मशीनवर शिवून आणली, तेव्हा आपण एक चांगले काम केले आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. त्या कामाबद्दल घरात मला जे ऐकावे लागले त्याचा मला त्या दिवशी राग आला, आणि तो राग अजून गेलेला नाही. तो कोणावर आहे ही बाब मात्र पुढच्या काही दिवसांत बदलत गेली. ती कशी बदलली, तेवढेच येथे लिहावयाचे आहे.

मी अर्जनवीस आहे. शाळा नववीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण मी कचेरीच्या कुंपणाला लागून टेबल टाकून घेतले. वारसनोंद, दाखला, हरकत, खुलासा, स्मरणपत्र, असा कोणताही कागद मला कोऱ्या पानावर एका बैठकीत उतरवता येतो. पेठ तालुक्याकडची माणसे पहाटेच्या एसटीने येऊन माझ्यासमोर उकिडवी बसतात, आपली हकिकत शेवटाकडून सुरुवातीकडे सांगतात, आणि मी ती सुरुवातीकडून शेवटाकडे लावून देतो. पदवी घेतलेल्या कारकुनांनी माझ्या अर्जातील वाक्ये आपल्या टिपणीत जशीच्या तशी उतरवून घेतलेली मी पाहिली आहेत. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही. अर्धवट काम माझ्या डोळ्यांना का सहन होत नाही, हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून लिहितो. सही नसलेला अर्ज, तारीख नसलेला दाखला, साक्षीदार नसलेला करार यांना माझ्या लेखी किंमत नाही.

आणि आमच्या घरात एक अर्धवट वस्तू दहा वर्षे पडून होती.

आईचे माहेर नामपूरचे. लग्न होऊन नाशकात आली त्याला पन्नास वर्षे झाली होती, तरी संतापली की तिची बोली परत तिकडची होई. गोधडी शिवण्याची तिची रीतही तिकडचीच. जुनी सुती लुगडी धुऊन, उन्हात कडक वाळवून ती जमिनीवर एकावर एक अंथरी. त्यावर ठिगळांचा थर. चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पितळी डबा, जे हाताशी येईल ते वजन म्हणून ठेवी. मग कडा आत दुमडून ती एका कोपऱ्यापासून शिवायला सुरुवात करी आणि बाजूला सरकत सरकत तीन कडा बंद करी. मधले धावदोरे पूर्ण झाले की शेवटी चौथी कड. इतर गोधड्यांना चौथी कडही पूर्ण होई. या एका गोधडीची चौथी कड मात्र तिने वीतभर उघडी ठेवली होती. तेथून आतले थर दिसत: एक हिरवे लुगडे, एक वडिलांचे धोतर, एक माझ्या बहिणीचा शाळेचा निळा स्कर्ट उसवून केलेली पट्टी.

दर वर्षी दिवाळीनंतर ती गोधडी पेटीतून बाहेर येई, ऊन खाई आणि परत पेटीत जाई. मी दर वर्षी पाही आणि दर वर्षी मला ती उघडी वीत खुपे. आईला मोतीबिंदू झाला, तेव्हा मी मनाशी असे धरले की पूर्वी आळस झाला असेल आणि आता दिसत नाही, म्हणून ते काम राहिले. त्या वर्षी थंडी कडक पडली. आईनेच पांघरावी या हेतूने, ती शेजारी भजनाला गेलेली असताना, मी गोधडी बगलेत मारली आणि शिंप्याकडे गेलो.

"काका, हे तोंड उघडंच राहिलंय," शिंपी म्हणाला.

"म्हणूनच आणलंय."

"नुसतं तेवढंच शिवू, की चारी बाजूंनी पायपिंग मारू? दुकानातल्या रजईसारखं फिनिशिंग येईल."

"मार."

"आतले थर खालीवर झालेत. कड सरळ करायला थोडं कापावं लागेल."

"काप," मी म्हणालो.

हा शब्द मी उच्चारला, याला साक्षीदार आहे. शिंप्याने मोठ्या कात्रीने चारी बाजूंनी दोन-दोन बोटे कापड उतरवले आणि मरून रंगाची चकचकीत पायपिंग मारली. कोपरे काटकोनात बसले. ती घरी आणून मी आईच्या पलंगावर घडी करून ठेवली आणि चहा मागितला.

आई आली, पलंगावर बसली आणि तिचा हात गोधडीवर पडला. तिला उजव्या डोळ्याने जवळजवळ काही दिसत नव्हते, डाव्याने धूसर दिसे. त्यामुळे ती हाताने पाही. हात कडेकडेने फिरत गेला. एक बाजू, दुसरी, तिसरी. चौथ्या बाजूला तो दोनदा पुढे-मागे गेला.

"हे कोणी केलं?"

"मी करून आणलं. दहा वर्षं तसंच पडलं होतं."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसत होतं ना."

"दिसत होतं," आई म्हणाली, आणि उठून चाचपडत मोरीच्या फळीवरचे माझे दाढीचे पाते घेऊन आली.

तिने पायपिंगच्या टाक्यांत पाते घातले. डोळ्यांना दिसत नसलेली बाई उघडे पाते चालवते आहे हे पाहून माझी पत्नी स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने ते तिच्या हातातून काढून घेतले. आता हा प्रकार थांबेल असे मला वाटले. पत्नी आईच्या शेजारी बसली आणि स्वतःच उसवू लागली.

"तुम्हा दोघींचं डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हणालो. "शिंप्यानं एवढं चांगलं काम केलंय."

"चांगलंच केलंय," पत्नी म्हणाली. "म्हणून तर उसवायला वेळ लागतोय."

"पण का?"

आईने मान वर केली. "ते तोंड तिनं मिटवायचं होतं."

"कोणी?"

"मनी पोर शे ती," आई तिकडच्या बोलीत म्हणाली, म्हणजे माझी लेक आहे ती, आणि त्यानंतर माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही.

खुलासा पत्नीकडून मिळाला. आईच्या माहेरी अशी रीत की जिच्यासाठी गोधडी शिवली, तिने शिवणारीच्या शेजारी बसून शेवटची वीत आपल्या हाताने शिवायची. शिवण्याआधी चिमूटभर बाजरी आत घालायची, म्हणजे गोधडी उपाशी राहत नाही. ते होईपर्यंत गोधडी दिली असे होत नाही आणि ती कोणी पांघरतही नाही.

"माझ्या गोधडीचं तोंड मीच मिटवलं," पत्नी म्हणाली. "लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला. तुम्ही तिथंच होतात. पेपर वाचत होतात."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही."

या उत्तराचा मला विलक्षण राग आला. माझ्या व्यवसायात जी अट लिहिलेली नाही ती अट नसते. ज्याला कळवले नाही त्याला दोषी धरता येत नाही. घरातल्या बायकांनी एक नियम करावा, तो पन्नास वर्षे आपसात पाळावा, घरच्या कर्त्या पुरुषाला त्याचा पत्ता लागू देऊ नये, आणि त्याच्या हातून तो मोडला की पाते घेऊन बसावे, हा कोणता न्याय, असे मी त्या संध्याकाळी मोठ्याने आणि व्यवस्थित मुद्दे मांडून बोललो. दोघी उसवत राहिल्या. कापलेली दोन बोटे मात्र परत येणार नव्हती. उसवल्यावर चारी कडांना दुमडायलाही कापड उरले नाही. पत्नीने तिचे एक जुने पातळ फाडून पट्ट्या केल्या आणि तीन कडा हाताने बांधून दिल्या. चौथी वीतभर सोडून.

आता बहिणीविषयी लिहिणे भाग आहे.

ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. नव्वदीच्या दशकात तिने आमच्या जातीबाहेरच्या, अंबडच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाशी लग्न केले. घरी सांगितले, घराने नाही म्हटले, तरी केले. वडील शांत स्वभावाचे होते. ते मला म्हणाले, "तिला दोन ओळी लिही. सध्या येऊ नको म्हणावं." सध्या हा शब्द त्यांनी वापरला होता, तो मला चांगला आठवतो.

मी दीड पान लिहिले. तीन वेळा मसुदा केला. संबंध संपुष्टात आल्याचे लिहिले, भविष्यात कोणताही हक्क सांगता येणार नाही हे लिहिले, आणि जो परिच्छेद वडिलांनी सांगितला नव्हता तो मी स्वतःच्या बुद्धीने घातला: तिची आई हिचाही यास पूर्ण दुजोरा आहे. एकट्या बापाच्या सहीचे पत्र अपुरे वाटते, दोघांचे असले की बळकट होते, असा माझा व्यावसायिक विचार होता. वडिलांनी न वाचता सही केली; माझ्या कागदावर ते नेहमी तशीच करीत. आईला लिहिता येत नव्हते. त्याच दिवशी रेशनकार्डावरून बहिणीचे नाव कमी करण्याचाही अर्ज करायचा होता. मी दोन्ही कागद एकाखाली एक ठेवले, शाईचे पॅड पुढे केले आणि सांगितले, "रेशनकार्डाचं आहे." आईने दोनदा अंगठा केला.

खाली मी नेहमीची ओळ लिहिली. सदर मजकूर वाचून दाखविला, तो समजला व मान्य आहे म्हणून अंगठा केला.

ही ओळ काय असते हे ज्याला माहीत नाही त्याला त्यातला गुन्हा कळणार नाही. आमच्या व्यवसायात दुसरे काही पवित्र नाही; हीच ओळ आहे. निरक्षर माणूस आपले बोट कागदाला देतो, ते या ओळीच्या भरवशावर. शेजारच्या टेबलावरच्या एकाने एकदा एका म्हातारीचा अंगठा असाच न वाचता घेतला, तेव्हा मी त्याला चार लोकांत बोललो होतो आणि महिनाभर त्याच्याकडून साधी टाचणीही घेतली नव्हती. तो मीच, आणि हे मी माझ्या घरात, माझ्या आईला केले.

पत्र रजिस्टरने गेले. बहीण आली नाही. आई वाट पाहत राहिली, मग तिने वाट पाहत असल्याचे दाखवणे बंद केले. बहीण कुठे परदेशात नव्हती. ती पंचवटीत राहत होती. आमच्या घरापासून पूल ओलांडला की वीस मिनिटांची वाट. आईने पंचवटीच्या बाजारातून भाजी आणणे सोडले आणि अलीकडच्या महागड्या बाजारातून आणू लागली. कारण विचारले तर पाय दुखतात म्हणे. वडील गेले, तेव्हा दहाव्याला बहीण घाटावर आली होती. दूर पायऱ्यांवर उभी होती. मी तिला पाहिले, नजर काढून घेतली, आणि घरी येऊन कोणाला सांगितले नाही. त्याच वर्षी आईने ती गोधडी शिवायला घेतली आणि चौथी कड वीतभर ठेवून थांबली.

म्हणजे एकीला वाटत होते की लेकीनेच आपल्याला सोडले, आणि दुसरीच्या पेटीत आईचा अंगठा होता.

उसवण्याच्या प्रकारानंतर तिसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, "डोळ्याचं ऑपरेशन करायचं म्हणता. एक तर गेलाच आहे. दुसऱ्याचं काय होईल ते होवो. त्याआधी तिला घेऊन ये. मला तिचा हात त्या कडेवर बघायचाय."

"ती येणार नाही."

"तू विचारलंस?"

मी गेलो. नाइलाजाने गेलो, आणि रस्ताभर बहिणीवर चिडत गेलो. एवढे काय अडले होते तिचे? एकदा येऊन भांडली असती तर सगळे उघड झाले असते. पत्र कितीही कडक असो, दाराशी येऊन आईला हाक मारायला कोणाची बंदी होती? हा मुद्दा मला फार जोरकस वाटत होता.

पंचवटीतल्या अरुंद बोळातले घर, बाहेर तीन पायऱ्या, वर तिचा नवरा सायकलची साखळी साफ करीत बसलेला. त्याने मला ओळखले. हात पुसत उठला, "या" म्हणाला आणि आत वर्दी दिली. बहीण दारात आली. तिचे केस कानांपाशी पिकू लागले होते.

"बोला," ती म्हणाली. लहानपणी ती मला दादा म्हणे आणि अरे-तुरे करी.

"आईचे डोळे चाललेत. तुझ्यासाठी गोधडी केलीय. कड मिटवायला बोलावलंय."

"कोणी बोलावलंय?"

"आईनं."

"तिचा कागद आहे माझ्याकडे. त्यात ती वेगळं म्हणते."

"ते झालं आता. जुनी गोष्ट आहे."

"तुमच्यासाठी जुनी असेल. मी दर दिवाळीला काढून वाचते. म्हणजे माहेरी जावंसं वाटत नाही."

मी पायरीवर उभा होतो. तेव्हाच सांगता आले असते. एका वाक्याचे काम होते, आणि वाक्ये करणे हा माझा धंदा. मी म्हणालो, "विचार कर," आणि परतलो.

घरी आईने विचारले. मी सांगितले, नाही म्हणाली.

"का?"

"जुना राग आहे."

"कसला? मी तिला काय केलं?"

मी पाणी मागितले. पत्नी पाणी घेऊन आली आणि पेला देताना माझ्याकडे पाहत राहिली. तिला त्या पत्राबद्दल काही माहीत नव्हते, पण मी पाणी मागण्याची वेळ तिने बरोबर ओळखली.

"ती येत नाही तर मी जाते," आई म्हणाली. "गोधडी बांध."

पत्नीने एका जुन्या चादरीत गोधडी बांधली. आईने सुईचे पाकीट, दोऱ्याचे रीळ आणि पुडीत बाजरी घेतली. एवढ्या वर्षांनी आई त्या बाजूला निघाली होती. मी रिक्षा केली. पुलावर रिक्षा गर्दीत अडकली आणि आई म्हणाली, "नदीला पाणी आहे का रे?" मी आहे म्हणालो. वास्तविक मी पाहिलेही नव्हते. माझे लक्ष माझ्या वाक्यांकडे होते. मी मनात खुलासा रचत होतो, आणि प्रत्येक वेळी तो वडिलांच्या सहीपाशी, बहिणीच्या हट्टापाशी, त्या काळच्या परिस्थितीपाशी जाऊन थांबत होता. माझ्यापर्यंत येत नव्हता.

बहिणीने दार उघडले. आईने हात पुढे केला, तो तिच्या खांद्याला लागला, तिथून गालापर्यंत गेला.

"वाळलीस," आई म्हणाली.

"तू आलीस कशी?"

"तू आली नाहीस म्हणून."

"तू बोलावलं नाहीस."

"आईनं बोलवावं लागतं का? तूच रुसून बसलीस."

बहीण आत गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात तो कागद होता. प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर घडी. तिने तो आईला दिला नाही. माझ्यापुढे धरला.

"वाचा," ती म्हणाली. "तुमचंच अक्षर आहे. आईला वाचून दाखवा. मला तिच्या तोंडाकडे बघायचंय."

तिचा नवरा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना." ती म्हणाली, "तुम्ही साखळीचं बघा."

मी वाचले. मी आयुष्यात शेकडो कागद मोठ्याने वाचले आहेत, पण माझेच वाक्य मला इतके लांब कधी वाटले नव्हते. आपण आमच्या मर्जीविरुद्ध विवाह केल्याने आपला व या कुटुंबाचा संबंध आजपासून संपुष्टात आला आहे. पुढे आईचा परिच्छेद होता. आपली आई हिचा यास पूर्ण दुजोरा असून, ती आपणांस यापुढे मृत समजत आहे.

मी तेथे थांबलो.

"काय समजते म्हणालास?" आईने विचारले.

"मृत."

"म्हणजे मेलेली?"

"हो."

"मी म्हटलं असं?"

"खाली तुझा अंगठा आहे, आई," बहीण म्हणाली. "वाचून दाखविले, समजले, म्हणून अंगठा केला, असं लिहिलंय."

"कोणी वाचून दाखवलं?"

आईने माझ्या दिशेने मान वळवली. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, तरी ती पाहत होती.

"तू म्हणालास रेशनकार्डाचं आहे."

"हो."

"मग हे वाचलंस कधी मला?"

"आत्ता," मी म्हणालो.

मी तिच्याकडून शिव्यांची अपेक्षा केली होती. नामपूरच्या बोलीतल्या शिव्या मला लहानपणापासून माहीत आहेत. तिने एकही दिली नाही. तिने बहिणीचा हात धरला आणि विचारले, "तुझ्याकडं ऊन कुठं येतं? मला सुई दिसेल असं." बहीण तिला खिडकीपाशी घेऊन गेली. मी मागून गेलो तेव्हा बहीण दारात आडवी झाली.

"तुम्ही बाहेर बसा."

मी पायरीवर, चपलांच्या शेजारी बसलो. एवढ्या वर्षांत कोणी मला असे बाहेर बसवले नव्हते. कचेरीत बाकडे मिळते. आतले सगळे ऐकू येत होते.

"हे काय, कड कापलेली दिसते."

"तुझ्या भावाचं डोकं. शिंप्याकडं नेली होती."

"आणि ही पट्टी?"

"वहिनीचं पातळ. तिनंच बांधली."

"बाजरी किती घालू?"

"चिमूट. पोतं भरायचं नाही."

नंतर आईचा आवाज. "केवढा टाका घालतेस. म्हशीला वेसण ओवतेस का?"

"मला कोण शिकवणार होतं? माझी आई मला मेलेली समजत होती."

आणि मग त्या दोघी हसल्या. आधी बहीण, मग आई, आणि आईचे हसणे थांबेना. तिचा नवरा साखळी हातात घेऊन माझ्याकडे पाहत होता. त्या हसण्याचा मला जो राग आला तसा कोणत्याही शिवीचा आला नसता. ज्या कागदासाठी मी तीन मसुदे केले, ज्याने इतकी वर्षे दोन घरे मोडून ठेवली, त्यावर या दोघी टाक्याच्या निमित्ताने हसत होत्या, आणि त्यात मला जागा नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर निदान त्या मला उद्देशून असत्या.

तोवर मी बायकांच्या रीतीवर चिडलो, शिंप्याच्या कात्रीवर चिडलो, बहिणीच्या मानीपणावर चिडलो, वडिलांनी न वाचता सही केली याबद्दलही मनात चिडलो होतो. त्या पायरीवर हे सगळे प्रतिवादी एकेक करून गळाले. माझ्या धंद्यात चूक दुरुस्त करण्यासाठी अर्ज असतो. नाव चुकले, वय चुकले, गट नंबर चुकला, तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो, आणि तो मी फार चांगला लिहितो. येथे अर्ज कोणाकडे द्यायचा हेच मला कळेना. आत जाऊन चुकलो म्हणावे तर दारात आडवी झालेली बहीण, आणि तसे म्हणायची माझी सवयही नव्हती. मी शब्द जुळवत राहिलो. आत चौथी कड संपत आली.

ऊन खिडकीवरून उतरले तेव्हा आई भिंतीच्या आधाराने दाराशी आली.

"झालं?" मी विचारले.

"झालं. वाकडं झालंय, पण तिचं झालंय."

"मग निघायचं? रिक्षा बघतो."

"तू जाय," आई म्हणाली. "मी इथं राहते. ऑपरेशनही इथूनच करीन."

"आणि घरी कधी न्यायला येऊ?"

"मी कुठं म्हटलं न्यायला ये?"

मी पुलावरून चालत परत आलो. त्या दिवशी नदीला पाणी फार नव्हते.

पुढच्या मंगळवारी पत्नीने आईची लुगडी, डोळ्यांचे थेंब आणि चष्म्याची डबी पिशवीत भरून दिली. मी ती घेऊन पंचवटीत गेलो. बहिणीने दार अर्धे उघडले, पिशवी घेतली आणि तशीच उभी राहिली. मागे पलंगावर आई पडली होती. गोधडी तिच्या पायांवर होती, आणि ओढून घेतल्याने तिची एक कड खाली लोंबत होती, मोठमोठ्या टाक्यांची.

"कोण आहे गं?" आईने आतून विचारले.

"अर्जवाले आलेत," बहीण म्हणाली.

मग आईचा आवाज आला, "बसू दे बाहेर. चहा दे त्याला."

मी बसलो. चहा आला, तो बहिणीच्या नवऱ्याने आणून दिला. तो मला काही विचारील या भीतीने मी तो गरमच प्यायलो, जीभ पोळली, आणि त्याचाही मला राग आला.